डोंग्यात बसून कसं लागते

प्रिय बाबा,

तुला पत्र लिहायचं म्हणजे पहिली अडचण ही, की ते वाचून कोण दाखवणार? मच्छीमार सोसायटीची नोटीस येवो नाहीतर लग्नाची पत्रिका, तू ती हातात घेऊन उलटसुलट पाहायचास आणि म्हणायचास, "शकुन, वाच वं." मी वाचायची. आता लिहिणारीही मी आणि वाचणारीही मीच. म्हणून एकेक ओळ आधी तोंडानं म्हणते आणि मग कागदावर उतरवते. पायल ड्युटीवर गेली आहे, घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

मी तुझ्या नातीकडे आले आहे, इंग्लंडात. हो, विमानानं. भीती वाटली का? वाटली. पण खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि खाली काय काय दिसतं ते पाहण्यात भीती मागं पडली. शेजारच्या बाईला मी इतके प्रश्न विचारले, की तिनं शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. माझी ही खोड तुला माहीत आहे. पस्तीस वर्षं मास्तरकी करून ती गेली नाही, आता काय जाणार?

आज लिहायला बसले ते धनराजमुळे. तू होळीनंतर गेलास तेव्हापासून तुझा डोंगा घाटावर पालथा पडला आहे. यंदा आपल्या वाट्याच्या पाण्यात शिंगाड्याचा वेल कोणी लावला नाही. सोसायटीवाले म्हणतात, पुढच्या साली घरातलं कोणी पाण्यात उतरणार असेल तर तलावातला तुमचा वाटा ठेवू, नाहीतर दुसऱ्याला देऊ. आणि धनराज, तुझाच मुलगा, म्हणतो, वाटा सोडून देऊ आणि डोंगा फोडून टाकू. एखादी मोडकी खाट फोडावी तसं म्हणतो. मला फार राग आला होता. एका खोडातून कोरलेला, दर उन्हाळ्यात तू बसून डांबर लावलेला डोंगा, तो फोडायचा? मी म्हटलं, मी परत आल्यावर बोलू. तर म्हणतो, "आल्यावर कायले, बाई? आताच सांग. तुझ्या हो म्हटल्याशिवाय मी हात नाही लावत." त्यामुळे उत्तर माझ्याकडं थकलेलं होतं.

आणि त्यातच मला तुझ्याबद्दल एक गोष्ट कळली. ती कळली केंब्रिजमध्ये. कुठं केंब्रिज आणि कुठं आपला तलाव, असं तू म्हणशील. तेच सांगते.

पायलला दवाखान्यातल्या नोकरीतून सलग दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळाली. ती म्हणाली, "मम्मी, तू मास्तरीण आहेस, तुला शिकणाऱ्यांचं गाव दाखवते." केंब्रिज हे तसंच गाव आहे बाबा, कित्येक शतकं तिथं माणसं फक्त शिकायला आणि शिकवायला येतात. दगडी कॉलेजं, एवढ्या उंच खिडक्या, दारं मात्र लहान, वाकून जावं लागतं. सुट्टीच्या दिवसांत मुलं घरी गेली, की त्यांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. आम्हाला अशीच एक खोली मिळाली. अरुंद पलंग, खिडकीशी टेबल, टेबलावर कोणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग. मी त्या डागाकडं बराच वेळ पाहत बसले. कोण असेल? काय शिकत असेल? त्याचा बाप काय करत असेल? पायल म्हणाली, "मम्मी, आपण फिरायला आलोय, चौकशीला नाही."

पण चौकशीशिवाय फिरणं कसं होतं मला कळत नाही. कॉलेजच्या अंगणात हिरवंगार गवत, सतरंजीसारखं सपाट कापलेलं, आणि कडेला पाटी, गवतावर चालू नये. मी दारावरच्या गोल टोपीवाल्या माणसाला विचारलं, मग कोणी चालायचं? तो म्हणाला, फक्त इथल्या शिक्षकांनी. मी म्हटलं, मीपण शिक्षिकाच आहे, जिल्हा परिषदेची. पायलनं ते इंग्रजीत सांगितलं. तो खळखळून हसला, टोपी काढून त्यानं मला नमस्कारही केला, पण गवतावर काही जाऊ दिलं नाही. पुढं नदीकाठी आलो तर गावाच्या मधोमध कुरणात लाल गायी चरत होत्या. म्हणजे गायींना मुभा आणि मला मनाई. मला मजा वाटली.

एका कोपऱ्यावर सोन्याच्या रंगाचं भलंमोठं घड्याळ आहे आणि त्याच्यावर बसलाय नाकतोडा. हो, आपल्या बांधीत धानावर बसतो तोच, पण मांजराएवढा. तो जबडा हलवून वेळ खातो म्हणे. आपला नाकतोडा धान खातो, यांचा वेळ खातो. तू असतास तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "यावर फवारणी नाही का करत?"

आता मुद्द्यावर येते. त्या नदीवर लोक डोंगे चालवतात, बाबा.

मी पुलावर उभी होते. खाली पाहिलं आणि कठड्यावरून आणखी वाकले. लांब, सपाट लाकडी नाव, ना शीड, ना इंजिन. मागच्या टोकाला एक जण उभा, हातात लांब काठी. काठी सोडली, तळाला टेकली, रेटली, उचलली. अगदी तुझ्यासारखं. फरक एवढाच, की मधे माणसं गादीवर टेकून बसलेली, पाय लांब करून, कोणी खात होतं, कोणी नुसतंच आभाळाकडं पाहत होतं. ना जाळं, ना टोपली, ना शिंगाडे. मी पायलला विचारलं, "हे कुठं जाऊन राहिलेत?" ती म्हणाली, "कुठंच नाही. पुढच्या पुलापर्यंत जातील आणि परत येतील." मी म्हटलं, "मंग जातात कायले?" ती म्हणाली, "मजा म्हणून." आणि त्याचे पैसे द्यावे लागतात, हे तिनं मला हळू आवाजात सांगितलं.

इथं मला तुझ्याशी एक जुना हिशेब काढायचा आहे. तू कडक माणूस नव्हतास. महाशिवरात्रीला आपल्या इथल्या प्रतापगडच्या जत्रेत तू मला खांद्यावर बसवून वर महादेवापर्यंत नेलंस, उतरताना दर्ग्यावर माझ्या हातून साखर ठेवली. अर्जुनीच्या हायस्कुलात जायला सायकल घेऊन दिलीस, तेव्हा गावात पोरींना सायकल कोण देत होतं? पण डोंग्याला मी हात लावलेला तुला चालायचा नाही. घाटावर दिसले की हाकलायचास. "शाळेची वेळ झाली, जाय." रविवारीसुद्धा! मी विचारायची, "धनराज मायापेक्षा लहान आहे, त्याले शिकवतो, मले काऊन नाही?" तू म्हणायचास, "पोरीचं काम नोहे." मला ते कधीच पटलं नाही. कारण गावात इतर बाया शिंगाडे तोडायला डोंग्यात जातच होत्या. माय जात होती. मग मीच काय वेगळी? तो प्रश्न तू तसाच ठेवून गेलास.

म्हणून मी पायलला म्हटलं, मला त्या नावेत बसायचंय.

धक्क्यावर हेलन नावाची बाई होती. केस पांढरे, आखूड कापलेले, वय माझ्याएवढं असेल. ती लोकांना नावेतून फिरवून आणते. मी आपली सवयीनं काठावर चपला काढल्या, वाकून पाण्याला हात लावला आणि कपाळाला लावला. हेलन घाबरली. तिला वाटलं, ही बाई पोहायला उतरतेय. ती पायलला म्हणाली, आईंना सांग, पाणी फार थंड आहे. पायलनं समजावलं, की आमच्याकडं डोंग्यात चपला घालून जात नाहीत. हेलननं माझ्याकडं पाहिलं, स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि तिनंपण बूट काढून ठेवले. बाई मला तिथंच आवडली.

आत गेल्यावर मी गादी बाजूला सारून तळावर मांडी घालून बसले. डोंग्यात खाली बसावं, वर बसलं तर तोल जातो, हे मी घाटावरून बघून बघून शिकले होते. प्रत्यक्ष डोंग्यात मी या वयात पहिल्यांदा बसत होते, आणि तेही सातासमुद्रापार. हे खरं की नाही, तूच सांग.

वाटेत मी हेलनला सतावलं. खाली चिखल आहे की गोटे? (दोन्ही.) मासे आहेत का? (आहेत, पण इथं कोणी खात नाही.) पावसाळ्यात पाणी किती वाढतं? (पावसाळा म्हणजे कुठला, असं तिनं उलट विचारलं.) शेवटी विचारलं, या नावा आधीपासून अशाच मौजेच्या आहेत का? ती म्हणाली, नाही, आधी या कामाच्याच होत्या. दलदलीतून लव्हाळी कापून आणायच्या, मासे आणायचे, ओझी न्यायची. मग ते काम संपलं आणि नाव उरली. लोकांनी विचार केला, आता बसून पाहू.

"आता बसून पाहू" हे तिनं सहज म्हटलं. मी तेव्हा त्याच्याकडं फार लक्ष दिलं नाही.

पुढं गर्दी कमी झाली, दोन्ही काठांवर झाडं पाण्यात वाकलेली. मी हेलनला विचारलं, मी धरू का काठी? पायल एकदम म्हणाली, "मम्मी, नको." पण हेलननं हसून काठी माझ्या हातात दिली. आणि मी काय केलं माहीत आहे? ती उभी होती मागच्या टोकाला, मी गेले पुढच्या टोकाला. तू पुढूनच चालवायचास ना? शिंगाड्याच्या वेलात पुढून चालवायचं, म्हणजे समोरचा वेल दिसतो आणि तुटत नाही. इथं वेल कुठला? पण माझ्या डोळ्यांत तेच होतं. पदर खोचला, काठी सोडली, टेकली, जोरात रेटली. नाव पुढं जायच्या ऐवजी गर्रकन फिरली. पुन्हा रेटली, पुन्हा फिरली. काठावरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी काठी चिखलात रुतली, नाव पुढं सरकली आणि मी मधल्यामधे ताणले गेले. हेलन ओरडली, सोड! मी सोडली. काठी नदीत उभी राहिली आणि आम्ही तिच्यापासून लांब वाहत निघालो.

मला वाटलं होतं, इतकी वर्षं पाहिलंय म्हणजे येतच असेल. नाही येत बाबा. पाहणं आणि येणं यात केवढं अंतर असतं, हे वर्गात मी किती पोरांना सांगितलं असेल.

हेलननं नावेतल्या छोट्या वल्ह्यानं आम्हाला काठीकडं परत नेलं. ती हात लांब करणार, तेवढ्यात पायल उठली. माझ्या बाजूनं पुढच्या टोकाला गेली. काठीला हात घातला, आधी मनगटानं थोडी पिळली, मग सरळ वर ओढली. काठी चिखलातून अशी आली, की पाणीसुद्धा हललं नाही. मी पाहतच राहिले. कारण तो पीळ, बाबा, तो तुझा होता. धनराजही तशीच पिळतो. आणि कोणी पिळत नाही.

मग ती तशीच उभी राहिली आणि नाव चालवायला लागली. पुढच्या टोकावरून. गुडघे थोडे वाकलेले, मान उजवीकडं कललेली. नाव सरळ रेषेत चालली. हेलन म्हणाली, ही अशी पुढून कोण चालवतं? हिला कोणी शिकवलं?

तोच प्रश्न मलाही होता.

"पायल," मी म्हटलं, "तू हे कुठी शिकली?"

ती मागं न पाहता म्हणाली, "मम्मी, चिडू नको. आबाजीनं शिकवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी राहायची ना, तेव्हा. पाणी कमी राहते, बुडायची भीती नाही म्हणे."

"आन मले सांगितलं नाही?"

"आबाजीनंच मना केलं होतं."

"काऊन?"

"हेच," ती म्हणाली. "तुझी माय 'काऊन' म्हणून विचारंल, म्हणे."

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? मी जळले. सख्ख्या लेकीवर जळले. सुट्टीत पोर गावी पाठवावी, ती काळीठिक्कर पडून परत यावी, मी विचारावं काय केलंस, तर म्हणायची "आबाजीसोबत मासे पाहिले." आणि इकडं हे चालू होतं. पोरीचं काम नोहे म्हणणारा माणूस पोरीच्या पोरीला शिकवत होता. मी म्हटलं, "नाव काठाला लाव आणि सगळं सांग."

तिनं झाडाखाली नाव लावली. हेलनला वाटलं आमचं भांडण झालं, म्हणून तिनं थर्मासमधला चहा दिला. पायलनं तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तुझा आवाजही काढते ती, ठाऊक आहे?

तू म्हणाला होतास, "तुझ्या मायले मी मुद्दाम नाही शिकवलं. ज्याले डोंगा येते त्याची शिंगाड्याच्या दिवसात शाळा सुटते. आज एक दिस, उद्या दोन दिस, मंग सुटलीच समज. एकदा हात बसला का घर त्या हाताले सोडत नाही. धनराजची सुटली. मले एक जोडीदार तं पाहिजेच होता पान्यात. पन एकाची तं शाळा राहू दे म्हटलं."

पायलनं तुला विचारलं होतं, मग मला कशाला शिकवतोस? तू म्हणालास, "तुले कोन कामाले लावते? तू खेळ."

आणि मला सांगू नको असं का म्हणालास, तेही तिनं सांगितलं. "ती धनराजले सांगंल. मंग मी त्याले काय तोंड दाखवू?"

मी चहा तसाच हातात धरून बसले. हेलननं विचारलं, सगळं ठीक आहे ना? पायल म्हणाली, घरचंच आहे.

शेजारून एक नाव गेली. त्यात कॉलेजची पोरं होती. एकाची काठी रुतली, तो तिला लटकून राहिला आणि नाव पुढं गेली, मग तो धप्पकन पाण्यात. सगळी पोटं धरून हसत होती. आणि मला धनराजचे तळहात आठवत होते. पोरवयातच त्याला इतके घट्टे पडले होते, की भाऊबीजेला ओवाळताना त्याच्या हातावर तेल लावायचं तर मला खरखर लागायची. मी त्याला चिडवायची, तुझे हात सुसरीसारखे आहेत.

बाबा, मला तुझ्यावर रागवायचं आहे आणि येत नाही, आणि न रागवायचं ठरवलं तर तेही जमत नाही. कसं ठरवलंस तू? मी थोरली म्हणून? मला पाढे लवकर पाठ झाले म्हणून? की त्या दिवशी घाटावर तो आधी आला आणि मी उशिरा, एवढंच? मायला विचारलं होतंस का? घरात सगळे म्हणायचे, धनराजला शाळा आवडत नाही. खरंच आवडत नव्हती, की सारखं म्हणून म्हणून आवडेनाशी झाली? तो पाटीवर महाराष्ट्राचा नकाशा एका दमात काढायचा, पेन्सिल न उचलता. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोराला ते जमलेलं मी पाहिलं नाही. तुला ते माहीत होतं का? मी तुला कधी दाखवलं होतं का? हे प्रश्न मी वरचेवर विचारत राहीन, तुला कंटाळा आला तरी.

आणि मी शिकले त्याचा आनंदही आहेच. तो काही मी परत करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या त्या टेबलाशी बसून धनराजला फोन लावला. तिकडं दुपार व्हायला आली होती. त्याच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरायच्या मशीनचा आवाज चालू होता.

"सांग बाई, काय ठरवलं?"

मी म्हटलं, "धनराज, बाबानं मले डोंगा काऊन नाही शिकवला, तुले मालूम होतं का?"

मशीनचा आवाज बंद झाला.

"मालूम होतं," तो म्हणाला.

"बाबानं सांगितलं?"

"बाबा का सांगते? मी आंधळा होतो का? तू घाटावर आली का तुले हाकले, मी दिसलो का मले हाक मारे. समजत होतं."

"मंग बोलला काऊन नाही कधी?"

"बोलून काय होते? दोघंही राहिलो असतो मंग घाटावर. तू मास्तरीण झाली, गावात कोनाची बहीण झाली होती? मले बरंच वाटे." मग म्हणाला, "पन तो डोंगा रोज दिसते ना मले पालथा पडलेला, खांदे दुखतेत अजून. म्हनून म्हनतो फोडू."

म्हणजे त्याला डोंग्याचा राग नव्हता, तो फक्त थकला होता. आणि मी मनातल्या मनात त्याला दगड म्हणत होते.

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला इथली गंमत सांगितली, की इथं लोक पैसे देऊन डोंगा चालवतात.

"पागल आहेत का?" धनराज हसला. "आन बाकीचे काय करतेत?"

"बसतात. गादीवर, पाय लांब करून."

"डोंग्यात?"

"हो, डोंग्यात."

तो म्हणाला, "मी जलमभर उभाच होतो, बाई. पंधरा-वीस पोती शिंगाडे बसले डोंग्यात, माय बसली, मी नाही बसलो कधी. डोंग्यात बसून कसं लागते, मले मालूम नाही." तेवढ्यात कोणाची तरी गाडी आली असावी. "ठेवतो, गिऱ्हाईक आलं," म्हणाला आणि ठेवला.

मी खिडकीतून खाली पाहिलं. गवतावरून एक म्हातारे मास्तर चालले होते, पुस्तकं काखेत धरून. त्यांना मुभा होती. मला हेलनचं ते बोलणं आठवलं, काम संपलं आणि नाव उरली.

संध्याकाळी पुन्हा फोन करून मी माझं उत्तर दिलं. तलावातला वाटा सोडून देऊ. ज्याच्या घरात पाण्यात उतरणारं कोणी आहे, त्यानं घ्यावा. आपल्या घरातलं कोणी आता त्यासाठी पाण्यात उभं राहणार नाही. डोंगा मात्र मी येईपर्यंत असू दे. धनराज म्हणाला, "कायले?" मी म्हटलं, "सांगते आल्यावर." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं विचारलं आणि मी सांगितलं नाही. तुझ्यावर गेले म्हणायची.

तर बाबा, आता मी तुला शब्द देते. दिवाळीला पायल येणार आहे. गावच्या मंडईच्या जत्रेदिवशी सगळा गाव दंडारीचा खेळ पाहायला जाईल, तलावावर कोणी नसेल. त्याआधी मी तिच्याकडून शिकून घेईन, तो पीळसुद्धा. नाही जमलं तर पायल आहेच. मग आम्ही मायलेकी डोंगा सरळ करू, डांबर लावू, पाण्यात सोडू आणि मधे घरातली चांगली गादी टाकू, पाहुण्यांसाठी ठेवलेली. त्या गादीवर धनराजला बसवीन. काठीला हात लावू देणार नाही. तो लावायला जाईल, तर तुझ्याच आवाजात हाकलीन. चपला काठावर काढायला लावीन आणि पाय लांब करायला सांगीन. तलावाच्या मध्यापर्यंत नेईन, जिथून प्रतापगड दिसतो, आणि तिथं नुसती थांबीन. काही आणायचं नाही, काही तोडायचं नाही.

मग त्याला विचारीन, कसं लागते?

चांगलं लागते म्हणाला, तर डोंगा राहील. आणि नाही म्हणाला, तर काठाला आल्यावर कुऱ्हाड मी स्वतः त्याच्या हातात देईन आणि काऊन म्हणून विचारणार नाही.

तुझी, घाटावरून हाकललेली,
शकुन